डाव्या हाताची अक्षरं

युसूफ वडगाव,
१४ जुलै १९९८

ती. मन्मथदादास महानंदाचा शरणार्थ.

तू पुण्याला गेल्यापासून मी एकही पत्र टाकलं नाही म्हणून रागावला असशील. पण सांगण्यासारखं काही झाल्याशिवाय लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. आता झालंय.

दादा, मला टाईप करता येतंय.

तू फ्लॉपी देऊन गेलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी केजच्या क्लासला गेले. शहादेव सरांनी फ्लॉपी उलटीपालटी करून पाहिली. "भावानं केलंय? घरी बसून?" असं दोनदा विचारलं आणि खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर चढवून दिली. पहिले काही दिवस नुसतं रडू येत होतं. 'क' दाबावा तर 'त' उमटायचा. पण आता बोटं आपोआप जातात. अर्धी अक्षरं डाव्या हाताखाली, आणि उजव्या अंगठ्यानं स्पेस दाबून धरली की उरलेली अर्धी त्याच बटणांवर! हे तुला सुचलं कसं रे? आई म्हणते, कडबा कुट्टीच्या यंत्रानं माझ्या उजव्या हाताचा अंगठा तेवढा ठेवला तो ह्याच्यासाठीच. मी म्हणलं, यंत्राला एवढी अक्कल असती तर चार बोटं बी ठेवली असती. ती हसली नाही. तुला तिचं माहीतच आहे.

आता खरी बातमी. क्लासच्या कंपनीनं मतदार याद्या टाईप करायचं काम घेतलंय. दिवाळीनंतर केजला परीक्षा होणार आणि दहा जणांना कामावर घेणार. मिनिटाला पंचवीस शब्द पाहिजेत. माझे परवा एकवीस भरले. शेजारी बसणारी सत्यशीला दोन्ही हातांनी तेवीस करते. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला लाजच वाटली. चांगली लाज.

थोरल्या आईच्या डोळ्यांचं पाणी कमी आहे. त्या लेकाची, म्हणजे तुझी, वाट पाहतात. आप्पा दुकानात माझं कौतुक गिऱ्हाइकाला सांगत बसतात, तेवढं सोडलं तर सगळं ठीक.

तुझी,
महानंदा

*

पुणे,
२६ जुलै १९९८

चि. महानंदास,

तुझं पत्र मेसवर नेऊन दोघातिघांना वाचून दाखवलं. एकवीस! मी स्वतः तो प्रोग्रॅम वापरून पाहिला होता तेव्हा माझे सहा भरले होते.

माझ्याकडंही बातमी आहे. क्लासच्या हेड ऑफिसात मला नव्या विभागात घेतलंय. आतापर्यंत काय व्हायचं, नवा प्रोग्रॅम आला की आमचा माणूस फ्लॉप्यांची पिशवी घेऊन एसटीनं गावोगावच्या केंद्रांवर फिरायचा. तो पोचेपर्यंत निम्म्या फ्लॉप्या खराब. आता प्रत्येक केंद्रात एक मुख्य कॉम्प्युटर बसवतोय. तो रोज संध्याकाळी पुण्याला फोन लावणार, आम्ही इथून जे पाठवू ते उतरवून घेणार आणि खोलीतल्या सगळ्या कॉम्प्युटरांना वायरीतून वाटणार. पुण्यात एका जागी बसून गडचिरोलीपासून गेवराईपर्यंतचे तीनशे कॉम्प्युटर सांभाळायचे. अख्ख्या विभागात आम्ही तिघं. साहेब म्हणाले, "मन्मथ, वाटपाचा भाग तू लिही."

पगारही वाढला. आईला म्हणावं, डोळ्यांचं ऑपरेशन आता लांबवायचं नाही.

तू पंचवीस कर. बाकी मी आहेच.

मन्मथ

*

युसूफ वडगाव,
३० ऑगस्ट १९९८

दादा,

घाईत लिहिते. माझा प्रोग्रॅम कोणीतरी काढून टाकतंय.

पोळा झाल्यावर क्लासला गेले तर खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर तो नव्हता. सरांना सांगितलं. त्यांनी फ्लॉपीवरून परत चढवला. दिवसभर चांगला चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी परत गायब. असं रोज चाललंय. सकाळी चढवायचा आणि दुसऱ्या सकाळी पाहावं तर नाही. परवापासून तर चढवताच येत नाही, फ्लॉपी घातली की परवानगी नाही म्हणून पाटी येते.

सर म्हणतात, "मी हात लावला न्हाई गं, आईशप्पथ." पण चावी त्यांच्याजवळच असते. त्यांची मेहुणी पण त्या परीक्षेला बसणार आहे. मी घरी तसं बोलून गेले. नको बोलायला होतं. आप्पा दुकान उघडं टाकून केजला गेले आणि सगळ्या पोरापोरींसमोर सरांच्या गळपट्टीला धरलं. "कावून माझ्या पोरीचं काढून टाकतो बे? एका हाताची हाय म्हणून?" सरांचा चष्मा खाली पडला होता तो उचलला आणि पुसत राहिले.

तू सरांना फोन करून विचार. तुला खरं सांगतील.

महानंदा

*

पुणे,
५ सप्टेंबर १९९८

चि. महानंदा,

सरांना फोन करायची गरज नाही. सरांनी काढला नाही. आम्ही काढला. म्हणजे मी काढला.

नीट सांगतो. जूनमध्ये एका केंद्रात कुणीतरी खेळाची फ्लॉपी आणली, तिच्यातून व्हायरस शिरला आणि खोलीतले सगळे कॉम्प्युटर ठप्प झाले. महिनाभर वर्ग बंद. मग साहेबांनी ठरवलं की सगळीकडचे कॉम्प्युटर अगदी एकसारखे पाहिजेत. पुण्यात एक यादी आहे. तुमचा मुख्य कॉम्प्युटर रोज संध्याकाळी ती यादी आणतो आणि प्रत्येक मशीन तपासतो. यादीत आहे ते ठेवतो, नाही ते पुसतो. ते पुसण्याचं काम करणाऱ्या ओळी माझ्या हातच्या आहेत. लिहिताना मला खेळ दिसत होते, व्हायरस दिसत होते. तू दिसली नाहीस. फ्लॉपीची बंदीसुद्धा आमचीच.

तू आधी सरांची माफी माग. आप्पांनाही सांग.

घाबरू नकोस. यादी माझ्याच टेबलावर असते. आठ दिवसांत तुझा प्रोग्रॅम तिच्यात बसवतो.

मन्मथ

*

युसूफ वडगाव,
२७ सप्टेंबर १९९८

ती. दादास शरणार्थ.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी सरांकडं गेले. तोंड उघडायच्या आत डोळ्यांत पाणी. सर म्हणाले, "राहू दे. तुझे आप्पा रागावले म्हणजे बाप हायेत. मला बी लेक हाय." आप्पा काही गेले नाहीत. तुझं पत्र वाचून म्हणाले, "म्हणजे आपल्याच मन्मथानं?" आणि उठून दुकानात गेले. तेव्हापासून त्यांनी तुझं नाव काढलं नाही. मनावर घेऊ नकोस, निवळतील.

पण दादा, तू केलंस! मागच्या सोमवारी सर म्हणाले, खिडकीजवळच्या मशीनवर फ्लॉपी चालायला लागली बघ. चढवला आणि मंगळवारी सकाळी होता. बुधवारी होता. आज आठवडा होत आला, तिथंच आहे. काल माझे चोवीस भरले. सत्यशीलानं पेढे मागितले. मी म्हणलं, परीक्षा होऊ दे.

आई म्हणते, मन्मथाला कपिलधारच्या स्वामींचं नाव ठेवलंय ते उगं न्हाई.

महानंदा

*

पुणे,
११ ऑक्टोबर १९९८

चि. महानंदा,

एव्हाना तुला कळलं असेलच. तुझा प्रोग्रॅम परत गेला असेल.

मी यादीत तो बसवला नव्हता. बसवता आला नाही. साहेबांच्या सहीशिवाय यादीत काही जात नाही, हे मला ठाऊक होतं, तरी तुला आठ दिवस म्हणून बसलो. शेवटी मी तुमच्या केंद्रातलं तेवढं एक मशीन तपासणीतून गुपचूप वगळलं. पण वगळलेल्या मशीनला इथून काहीच जात नाही. परीक्षेचा प्रोग्रॅम सगळीकडं गेला, तिथं गेला नाही. अहवालात बाकी सगळी मशीन हिरवी आणि एक लाल. साहेबांनी बोलावून घेतलं.

मी सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत, पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हा प्रोग्रॅम किती जणांना लागतो?"

"एकीला."

"किती केंद्रांवर?"

"केजला. एकाच मशीनवर."

"मग तीनशे मशीनवर टाकू? की एक वेगळं ठेवू? आज तुझी बहीण, उद्या दुसऱ्याचा भाचा. वेगळं ठेवायचं नाही एवढ्यासाठी तर आपण तीन महिने राबलो."

मी म्हणालो, "तिला तो लागतोच साहेब, हौस नाही."

ते म्हणाले, "अर्ज करायला सांग, डॉक्टरचा दाखला जोडून. समितीपुढं ठेवतो. पण परीक्षेच्या आधी बैठक होईल असं मला वाटत नाही." आणि माझ्यासमोर ते मशीन परत तपासणीत घातलं.

अर्ज कर. लगेच कर. मी रोज साहेबांच्या मागं लागतो. दुसरं काय करू, सांग.

मन्मथ

*

युसूफ वडगाव,
१५ नोव्हेंबर १९९८

दादा,

परीक्षा झाली. कशी झाली ते सांगते म्हणजे तुला दुसऱ्या कुणाला विचारावं लागणार नाही.

अर्ज तर मी तुझं पत्र आल्या आल्या केला. आईला घेऊन बीडला गेले, दाखला काढला. डॉक्टरांनी हात पालथा-उताणा करून पाहिला आणि लिहिलं, चार बोटं नाहीत. ते मी पण लिहिलं असतं. येताना आईनं कपिलधारला उतरायला लावलं. समाधीपुढं तिनं तो दाखलाच ठेवला. पुजाऱ्याला वाटलं पत्रिका आहे. "लग्न जमू दे म्हणता का?" असं त्यानं विचारलं. आई म्हणाली, "ते मागून बघू. आधी हे." मला हसू बी आलं.

अर्ज सरांनी पुण्याला पाठवला. पुढं काय झालं ते तुला माहीत.

परीक्षेच्या दिवशी सर सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. मला म्हणाले, "माझ्या डोक्यात एक आलंय. त्या मशीनची वायर मागून काढतो. पुण्याचा आन् त्याचा संबंधच तुटंल. मग तुझी फ्लॉपी चालते का बघू." त्यांनी वायर काढली. खूप वेळ खटपट केली आणि फ्लॉपी चालली, दादा! माझी अक्षरं आली. मी एक ओळ टाईप पण केली.

मग परीक्षेची वेळ झाली आणि सगळ्यांच्या पडद्यावर उतारा आला, माझ्या आला नाही. उतारा वायरीतूनच यायचा होता. सरांनी वायर जोडली. वायर लागताच मशीनची तपासणी झाली, उतारा आला आणि माझी अक्षरं गेली. सर परत खाली वाकले, वायर काढली. अक्षरं येईनात आणि उतारा पण गेला. बाकीच्यांची बटणं वाजत होती. सर मशीनच्या मागं गुडघ्यावर बसले होते, त्यांच्या सदऱ्याला जाळी लागली होती. मला म्हणले, "काय करू गं?" मी म्हणलं, "उतारा ठेवा सर."

साध्या बटणांवर एका हातानं केलं. हात ह्या टोकाकडून त्या टोकाकडं नुसता पळत होता. अकरा भरले.

आप्पा बाहेर उभे होते. त्यांनी खिडकीतून सगळं पाहिलं. सर बाहेर आले तेव्हा आप्पांनी त्यांच्या पाठीवरची जाळी झटकली. 

महानंदा

*

पुणे,
२० डिसेंबर १९९८

चि. महानंदा,

तुझ्या पत्राला मी दोन उत्तरं लिहिली, दोन्ही पोस्टात टाकली. तू काहीच कळवलं नाहीस. मिळाली की नाही?

तुझे अकरा मला तुझ्या पत्राच्या आधी कळले होते. निकाल इथंच येतात. केज केंद्राची यादी उघडली आणि शेवटून दुसरं नाव तुझं होतं. शेजारचे दोघं डबा खात होते. मी उठून बाहेर गेलो.

समितीची बैठक अजून झालेली नाही. मार्चनंतर म्हणतात.

मी नोकरी सोडायचं म्हणतोय. खरंच सांगतो. गावाकडं येतो, घरी स्वतःचा एक कॉम्प्युटर घेऊ, वायर नसलेला. तू म्हणशील तसं करू. पण काहीतरी लिही.

मन्मथ

*

युसूफ वडगाव,
९ जानेवारी १९९९

दादा,

तिन्ही पत्रं मिळाली. लिहायला काही नव्हतं.

नोकरी सोडू नकोस. थोरल्या आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. तू इथं येऊन बसलास तर त्या मला तोंडानं काही म्हणणार नाहीत, पण मला कळेल. तुझा कॉम्प्युटर घेतला तरी मतदार याद्या काय वडगावात येऊन पडणार आहेत? याद्या पण वायरीतूनच येतात. सरांनी मला सांगितलं.

सत्यशीलाला काम मिळालं. खिडकीजवळचं मशीन तिला दिलंय. ती मला भेटायला आली होती तेव्हा हे सांगायला कचरत होती. मीच विचारलं.

मी क्लास सोडला. दुकानात बसते. गिऱ्हाइकाला काय पाहिजे ते आप्पांना ओरडून सांगते, आता त्यांना कमी ऐकू येतं. एवढं काम मला जमतं.

आता काही दिवस कॉम्प्युटरचं काही लिहू नकोस. बाकी लिही.

महानंदा

*

पुणे,
२० जून १९९९

चि. महानंदास अनेक आशीर्वाद.

तू लिहू नको म्हणाली होतीस, म्हणून पाच महिने मेसच्या भाजीवर लिहिलं. आज मात्र ऐकावंच लागेल.

मंजूर झाला! समितीनं तुझा अर्ज मंजूर केला. साहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले, कागद ठेवला आणि म्हणाले, "उशीर झाला, पण झालं." एका मशीनपुरता नाही, सगळीकडं. तुझ्यासारखं आणखी कुणी कुठंतरी असेल म्हणून. मी प्रोग्रॅम परत तपासला, नीटनेटका केला. F9 दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. नाव ठेवलं 'एकहाती'. आणि काल संध्याकाळी यादीत घातला.

आज सकाळी अहवाल आला. गडचिरोलीपासून गेवराईपर्यंत सगळी मशीन हिरवी. महानंदा, तीनशे मशीनवर तुझी अक्षरं आहेत. आता कुणी काढू शकत नाही. कोणत्याही गावच्या केंद्रात जा आणि F9 दाब.

पत्र मिळताच केजला जा. पुढच्या परीक्षेचं सरांना विचार. आणि किती भरले ते लगेच कळव.

तुझा दादा

*

युसूफ वडगाव,
१८ जुलै १९९९

ती. दादास महानंदाचा शरणार्थ.

तुझं पत्र आप्पांनी स्वतः वाचलं. दोनदा. मग म्हणाले, "जा की, बसलीस कावून?" मी त्याच दिवशी गेले.

सत्यशीलानं उठून मला जागा दिली. F9 दाबलं. मला वाटलं होतं बोटं विसरली असतील, पण ती विसरली नव्हती. मी अर्धं पान टाईप केलं. काय केलं ते विचारू नकोस, कोणाला दाखवायचं नव्हतं. वेळ लावून पाहिली नाही. त्यामुळं किती भरले ते मला सांगता येत नाही.

पुढच्या परीक्षेचं सरांना विचारलं. परीक्षा नाही. दहा जागा भरल्या त्या भरल्या. याद्यांचं कामच दिवाळीपर्यंत संपतंय, त्या दहांनाही पुढं काही नाही.

हे झालं माझं. आता दुसरं सांगते, आणि तू शांतपणे वाच.

याद्यांच्या प्रोग्रॅमात ओळ झाली की F8 दाबून ती साठवायची असते. पोरी भरभर टाईप करतात, बोट घसरतं आणि F9 लागतं. मग एकहाती चालू होतो. त्यांना कळत नाही. माना कागदाकडं असतात. वर पाहतात तोवर पाचपन्नास नावं भलतीच झालेली असतात. ती पुसून परत करायची. केलेल्या नावांवर मजुरी आहे. सत्यशीलाची मजुरी तुझा प्रोग्रॅम आल्यापासून निम्मी झालीय. तिच्या घरचे कामाला पाठवायला तसेच नाराज होते, आता म्हणतात, एवढ्यासाठी कशाला जायचं. क्लासातली बारकी पोरं तर मुद्दाम F9 दाबून एकमेकांची मजा करतात. बाकीच्या केंद्रांवर पण असंच चाललं असणार.

सत्यशीला मला काही बोलली नाही. तिनं उलट, "तू आली तर बरं वाटतंय," म्हणलं. सरांनी सांगितलं. ते पण केजला असताना नाही, आज सकाळी बसनं इथं दुकानात आले. आधी साखर घेतली, मग चहापत्ती घेतली. आप्पांनी स्टूल दिलं तरी बसेनात. मला कळलं की ह्यांना काहीतरी बोलायचंय.

"महानंदा," ते म्हणले, "मला पुण्याला तक्रार लिहावी लागल गं. दहा जणींचं काम हाय. केजच्या मशीनवरून तेवढा काढता येतो का म्हणून मीच खटपट केली, तर संध्याकाळी परत येऊन बसतो."

आप्पा म्हणाले, "लिवू नका सर. पोरीला आताशी मिळालंय."

 मी सरांना म्हणलं, तुम्ही तक्रार लिहू नका, मी लिहिते. तुमच्या तक्रारीनं साहेब दादाला बोलतील. मी अर्ज केला होता, मीच मागं घेते. ह्या पाकिटात दुसरा कागद आहे तो अर्ज मागं घेतल्याचा. खाली सही केलीय. तो साहेबांना दे.

सगळ्या मशीनवरून काढ, दादा. बटण बदलतो म्हणू नकोस, त्याला परत समिती लागणार आणि तोवर याद्या संपून जातील. तुझ्या हातानं काढ, दुसऱ्याला सांगू नकोस. कुठं दुसरं कुणी माझ्यासारखं असेल, असं साहेब म्हणाले होते. मी त्याचा लई विचार केला. असेल तर ते अजून आलेलं नाही आणि सत्यशीला रोज येते.

सर अजून दुकानात आहेत. आता बसलेत. आई त्यांना शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी वाढतेय आणि ते नको नको म्हणतायत. दुपारच्या बसनं ते परत जातील, जाताना हे पत्र केजच्या पोस्टात टाकतील.

थोरल्या आईला आता दोन्ही डोळ्यांनी दिसतंय. काल त्यांनी माझा हात हातात घेऊन पाहिला. इतकी वर्षं नीट पाहिलाच नव्हता, म्हणाल्या.

तुझी,
महानंदा